गजू मास्तरचा खर्रर्र आणि मेहकरचं रुखवत

थांबा, हातातलं खाली ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय! येऊन आठवडा झाला तरी बॅग अजून उघडली नाहीये, ओढणीला अजून लसणाचा वास येतोय, पण आधी हे. "मेहकरच्या त्या गिटारवाल्याचं काय झालं?" असं विचारून विचारून तुम्ही सगळ्यांनी माझा जीव खाल्लाय. पण काय झालं ते एका ओळीत सांगितलं तर तुम्हाला वाटेल हिला ऊन लागलं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

जे नवीन आलेत त्यांच्यासाठी: मी सांगलीची, पुण्यात शिकते, आणि नावाजलेले गिटारवाले आपला तो खास आवाज कशातून काढतात याची नोंद ठेवणारं हे पान चालवते. गिटार कुठली, तारा कुठल्या, पायाखाली पेडलं कुठली, मागे अँप्लिफायर कुठला, त्याचं कुठलं बटण कुठपर्यंत फिरवलंय. सगळं बघायचं, फोटो काढायचे, लिहायचं. याच्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही, घरच्यांनी आशा सोडलीय.

तर तो व्हिडिओ आठवतोय ना? लग्नाची वरात, धूळ, नाचणारी पोरं, आणि गाडीवर उभा राहून लाल गिटार वाजवणारा काळा गॉगल. आणि त्या गिटारचा आवाज! खर्रर्र! आमच्याकडे तोडणीनंतर उसाचा पाला पेटवतात तेव्हा जसा तडतडतो ना, तसा, पण सुरात. आपण इथे आठवडाभर भांडलो की हा फझ कुठला. (फझ म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं पेडल, आई, तू पण वाचतेस म्हणून सांगितलं.) शेवटी मीच नंबर मिळवून फोन लावला. पलीकडून आवाज आला, "या ना ताई! परवा मोठी वरात आहे मेहकरले. आदल्या दिवशी घरी या, सगळं सामान दाखवतो. मायले सांगून ठेवतो, पुण्याहून पाहुणे येऊन राह्यले म्हणून."

हे शेवटचं वाक्य लक्षात आलं असतं तर मी तिथल्या तिथे फोनवरच ओरडले असते.

मलकापूर

रेल्वेतून उतरले तर सकाळीच ऊन असं, की स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला चहा मागायची मला लाज वाटली. तो म्हणाला, "गरमीत गरमच प्या लागते." प्यायले. बरोबर होता तो. पुढे बस. मोताळ्यानंतर राजूरचा घाट लागला आणि डोंगर सगळा तपकिरी, पानं गळालेला सागवान, मध्येच एखादा पळस उगाच भडक. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "कोठी चालली वं?" मी दचकले. आमच्याकडे अनोळखी माणसाला "कुठं निघालायसा" म्हणतात आणि मग अर्धा तास स्वतःबद्दल बोलतात. इथे थेट चौकशी, आणि मी "गिटारवाल्याकडे" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "गजू मास्तर का?"

म्हणजे बघा! पुण्यात ज्याचं नाव आपल्याला महिनाभर सापडत नव्हतं, त्याला इथे बसमधल्या बाई ओळखतात. "त्याच्या गिटारीत आंबा कंपनीचं मशीन बसवेल आहे," त्यांनी सांगितलं. मागच्या सीटवरचे काका म्हणाले, "मशीन नाही, हाडूक आहे." कशाचं हाडूक ते मी विचारलं नाही. लिहून मात्र घेतलं.

मास्तरच्या घरी

गाव हिवरा आश्रमच्या अलीकडे, फाट्यावर उतरून थोडं आत. मला न्यायला मास्तरांच्या बँजो पार्टीचा, म्हणजे वरातीत वाजवणाऱ्या बँडचा, कीबोर्डवाला अनिल मोटारसायकल घेऊन आला होता. त्याला सगळे अन्या म्हणतात. त्याचं तोंड कायम असं, की जगातला प्रत्येक माणूस बेसूर आहे आणि हे फक्त त्यालाच माहितीय.

"फोटो काढाले आल्या ना तुम्ही पुणेवाल्या ताई?"

"मी सांगलीची आहे."

"तेच ते."

गजू मास्तर दारात उभे. घरात, सावलीत, तोच काळा गॉगल. चाळिशी ओलांडलेली, केस मात्र परवा रंगवलेले. त्यांच्या मागून त्यांची आई आली, सगळे तिला माय म्हणतात. माझा हात धरून तिने मला आत नेलं, पाणी दिलं, आणि मी काही बोलायच्या आत पितळी परात पुढ्यात. परातीत तळलेल्या खारोड्यांचा डोंगर!

खारोडी म्हणजे बाजरीचा भरडा शिजवून, त्यात लसूण, मिरची, तीळ घालून, छोटे छोटे गोळे तोडून उन्हात वाळवतात. आमच्याकडे पाहुण्याला भडंग, इथे ही. कच्चीही खातात, पण पाहुणे आले की तळतात. मित्रांनो, काय लागते! बाहेरून कडक, आत लसूण, आणि वर्षभर मुरलेला तिखटपणा. सोबत कांदा आणि शेंगदाणे. मी एक घेतली, मग मूठभर घेतल्या, मग लाजच सोडली. माय म्हणत होती, "खा पोरी, संपव, मागच्या सालच्या आहेत, तुह्यासाठीच काढल्या." मी संपवल्या. परात पुसून खाल्ली. उरलेल्या दोनचार अन्याने खिशात टाकल्या.

मग कामाला लागले. गिटार: लाल, कंपनीचं नाव खरवडलेलं, त्यावर मोराचं स्टिकर. पट्टा: शाळेच्या दप्तराचा बंद. तारा वाजवायला लागतो तो तुकडा जुन्या सिमकार्डाचा, सोनेरी बाजू तारेकडे. "सोनेरी बाजूनं आवाज गोड येते," मास्तर म्हणाले.

"आणि पेडल कोणतं वापरता?"

मास्तरांनी अन्याकडे पाहिलं. अन्या म्हणाला, "पायडल? सायकलचं?"

"नाही हो, पायाखालचं. म्हणजे, तुमचा फझ कोणता?"

"हां, फ्यूज!" मास्तर खूश झाले. "फ्यूज तर रोजच उडते. आता तांब्याची तार बांधून ठेवेल आहे. त्याचा फोटो घ्या." घेतला. दुसरं काय करणार!

आणि मग तो स्पीकर. माणसाच्या छातीएवढी लाकडी पेटी, पुढे जाळी, वर निळ्या रंगात "आईचा आशीर्वाद". इतकी चकाचक की माझा चेहरा दिसत होता. माय म्हणाली, "तू येणार म्हणून पुसली वं. अंदरून बाहेरून."

"मास्तर," मी मोबाईल धरला, "वाजवा."

मास्तरांनी गॉगल नीट केला, पाय फाकवले, डोळे मिटले असतील, आणि तारेवर हात मारला.

ट्यांव.

मला वाटलं काहीतरी जोडायचं राहिलं. पुन्हा. ट्यांव. गोड, स्वच्छ, शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजतो तसा. उसाचा पाला नाही, खर्रर्र नाही, काहीच नाही. मास्तरांनी गॉगल काढला. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचे डोळे पाहिले, आणि ते घाबरलेले होते.

"अन्या, आवाज कोठी गेला बे?"

"मले काय मालूम? मी काय खिशात ठेवला?"

हे वाक्य तो कसं बोलला तोच जाणे.

आता हे समजून घ्या. उद्याची वरात साधी नव्हती. नवरदेव मलकापूरकडचा, कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरचा, आणि तो व्हिडिओ बघून त्यांनी मास्तरांना बोलावलं होतं. अट एकच, तोच आवाज पाहिजे. नवरदेवाच्या भावाने साफ सांगितलेलं की आवाज नसला तर चिखलीचा डीजे तयार आहे, फोन करायची देर. आणि एकदा वरातीच्या मध्यात डीजे आला की त्या माणसाची पार्टी या तालुक्यात संपली समजायची. मास्तरांच्या मागे चार वाजवणारे, त्यांची घरं.

मग सुरू झाला शोध. नजर लागली म्हणून स्पीकरवरून मीठमिरच्या ओवाळल्या. ट्यांव. तारा सैल केल्या. ठ्यांव. अन्याचं म्हणणं, पुण्याच्या मोबाईलने फोटो काढला की आवाज त्यात जातो. त्याने खरंच मला मोबाईलमधला फोटो स्पीकरला परत लावून बघायला सांगितलं. मी पेटीच्या मागची फळी उघडली. आत स्वच्छ. एकदम स्वच्छ. कोळ्याचं जाळंसुद्धा नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी मायला विचारलं, "मावशी, आतून काय काय काढलं तुम्ही?"

"काही नाही वं. जाळ्या काढल्या. एक मेलेली पाल होती, ते फेकली. आणि खारोड्याचा पिपा काढला."

"कसला पिपा?"

"पत्र्याचा. खारोड्या त्याच्यातच ठेवतो ना मी. पेटीले जाळी आहे, उंदरं जात नाहीत. साल झालं." ती माझ्या पुढ्यातल्या परातीकडे बघून हसली. "पाहुण्याले तळून घातल्या, नाहीतर काय भिंतीले लावाच्या?"

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. परात रिकामी होती. तळाला थोडे तीळ होते.

मी आवाज खाल्ला होता.

पूर्ण आवाज! कांद्याबरोबर! जगभरातल्या गिटारवाल्यांच्या सामानाची नोंद ठेवणारी मी, आणि या माणसाचं सगळ्यात महत्त्वाचं सामान माझ्या पोटात. सैल झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात वर्षभर कडक झालेल्या खारोड्या, आणि वर स्पीकर दणदणला की सगळं मिळून खर्रर्र. कुठला फझ न् कुठलं काय.

मास्तर खाटेवर बसले. "म्हंजे माह्या हातात काहीच नव्हतं? मायच्या पिप्यात होतं?"

"हात तुहाच होता रे," माय म्हणाली, "पन मीठ माह्यं होतं."

मग अख्खं गाव पालथं घातलं. रिकामा डबा लावून बघितला, खडखडला पण सुरात येईना. तुरी भरल्या, पाऊस पडल्यासारखं वाजलं. चिंचोके भरले, घोडा पळतोय असं वाटलं. माय म्हणाली यंदाच्या खारोड्या पत्र्यावर वाळत आहेत. त्या भरल्या तर अजून वल्ल्या, आतून भद् भद्. मागच्या वर्षीच्या कोणाकडेच नाहीत. एक काकू म्हणाल्या, "कालच सरल्या वं." सगळीकडे हेच. वाळवणाच्या दिवसांत जुनं कोण ठेवतं?

झोपताना माय माझ्या अंगावर चादर टाकून म्हणाली, "पोटात दुखते काय वं?" मी नाही म्हटलं. दुखत होतं, पण ते वेगळं.

मेहकर

सकाळी टेम्पोत माय धरून आम्ही सगळे, आणि मध्ये ती चकाचक पेटी, प्रेत नेतात तसं गप्प. मेहकरला मंगल कार्यालयात पोचलो. वरणबट्टीचा वास सुटलेला, वांग्याच्या भाजीचा रंग पाहूनच घाम येत होता. नवरदेव मारोतीच्या देवळात दर्शनाला गेला होता. तो निघाला की मास्तरांनी वाजवायचं. त्याचा भाऊ येऊन मोबाईल दाखवून गेला. "मास्तर, तोच आवाज. नाहीतर हा नंबर बघा."

मी हात धुवायला आत गेले आणि तिथे टेबलावर रुखवत मांडलेलं. आमच्याकडच्यासारखंच: रंगीत कुरडयांचा मनोरा, पापडांचं कमळ, सुपारीचे नवरानवरी, भांडी, उशा. आणि कडेला पत्र्याचा चौकोनी डबा. त्यावर खडूने लिहिलेलं, "खारोड्या".

मी डबा उचलून हलवला. खर्रर्र.

"ठेव खाली!"

नवरीची आत्या. हिरवं नऊवारी, कंबरेला चाव्या, हातात रुखवत राखायची काठी. खरंच काठी.

"आत्याबाई, या मागच्या वर्षीच्या ना?"

"मंग! साखरपुडा मागच्या उन्हाळ्यात झाला, तवाच करून ठेवल्या. काऊन?"

मी सगळं सांगितलं. भरभर, टाईप करते तसं. आत्याबाईंनी मध्येच थांबवलं. "म्हंजे तू त्याईच्या आवाजाच्या खारोड्या खाल्ल्या, आता आमच्या घेऊन चालली?"

तोपर्यंत मास्तर आले, अन्या आला, बाहेर देवळाकडून ढोल वाजायला लागला. मास्तरांनी हात जोडले. "आत्याबाई, तासभर द्या. खात नाही, नुसत्या वाजवतो."

"मांडलेलं रुखवत जागेवरून उचलत नाहीत."

"मंग आता काय करावं?"

आत्याबाईंनी विचार केला. मला वाटतं त्यांनाही मजा वाटायला लागली होती. "डबा ज्याच्यात ठेवसान, ते रुखवतातलं भांडं समजीन मी. कबूल असन तर न्या. मग मागू नका."

"हाव! हाव! कबूल!" मास्तर ओरडले. काय कबूल केलं ते कोणीच ऐकलं नाही, कारण नवरदेव घोड्यावर चढला होता.

डबा पेटीत. फळी बंद. मास्तर गाडीवर. गॉगल. नवरदेवाच्या भावाने मोबाईल कानाला लावलाच होता. मास्तरांनी तारेवर हात मारला आणि...

खर्रर्र!

अरे काय सांगू! मायच्या खारोड्यांपेक्षा जाड आवाज. या लोकांनी तीळ जास्त घातलेले असणार, नक्की. पोट्टे सुटले! भाऊ मोबाईल तसाच हातात धरून नाचायला लागला, त्यात चिखलीवाला "हॅलो, हॅलो" करत राहिला. मायने टेम्पोतून डोकं बाहेर काढून मला सांगितलं, "मीठ कमी आहे त्यात. पन चालते." मी रडत होते का नाचत होते माहीत नाही, शूटिंग सगळं हललेलं आलंय, त्याबद्दल माफ करा.

लग्न लागलं, जेवणं झाली. मी चार बट्ट्या खाल्ल्या, खाण्यावरचा विश्वास परत आला. मग नवरी निघायची वेळ. मुलाकडच्यांनी रुखवत टेम्पोत चढवायला घेतलं: भांडी, उशा, कुरडयांचा मनोरा. आणि मग चौघांनी मिळून आमची पेटी उचलली.

"ए! ए! थांबा!" मास्तर धावले.

आत्याबाई काठी आडवी धरून उभ्या. "हाव म्हनलं होतं ना?"

"अहो पन ते माह्या पोटाचं साधन आहे!"

"पोरीचं रुखवत आहे. रुखवतातलं भांडं पोरीसंगं सासरी जाते. मधूनच काढलं तर पोरीले बोल लागन. तुमाले चालन?"

मास्तरांना चालेना. माणूस तसा भला आहे. सगळीकडे रडारड सुरू झाली. नवरीची आई रडतेय, बहिणी रडतायत, आणि मास्तर गॉगलखालून सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडतायत. मुलाकडची एक बाई मला म्हणाली, "नवरीचे मामा का? फार जीव दिसते."

नवरीच शेवटी गाडीतून वाकून म्हणाली, "मास्तर, रडू नका, मी पावसात ठेवनार नाही त्याले." आणि टेम्पो मलकापूरच्या रस्त्याला लागला. वर गादी, गादीवर पेटी, पेटीवर "आईचा आशीर्वाद".

पुण्यात

परत येऊन या पानावर मी नोंद करायला बसले. गिटार: लाल. फ्यूज: तांब्याची तार. स्पीकर: सध्या सासरी. असं लिहून चालतं का? मी पुसलं, पुन्हा लिहिलं, तसंच ठेवलं.

मास्तरांना पुढची वरात होती. पेटी हवी. आता सासरी गेलेली वस्तू मागून आणणं बरं दिसत नाही. पण नवरी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येते तेव्हा तिला आणायला माहेराहून मुराळी जातो, ते तर चालतं! तर नवरीच्या भावाबरोबर मुराळी म्हणून कोण गेलं असेल? गॉगल घालून, नवरीला साडी घेऊन, मलकापूरला गजू मास्तर. सासूबाईंनी नाही म्हटलं नाही. सून माहेरी जाते तर तिची वस्तूही जाईल, पण रीत म्हणजे रीत. त्यांनी सुनेची ओटी भरली आणि सुनेच्या वस्तूचीही भरली. जाळीला हळदकुंकू, आणि मागची फळी उघडून आत तांदूळ, खण आणि नारळ.

आज सकाळी अन्याने रेकॉर्डिंग पाठवलं. मी हेडफोन लावून ऐकलं. खर्रर्र आहे, पण प्रत्येक ठोक्याला मागून टण्! टण्! नारळ डब्यावर आपटतोय. मास्तर फोनवर होते. "ताई, तुम्ही यातल्या जानकार. नारळ काढू का?"

"काढा की!"

"माय म्हनते, ओटीतला नारळ ज्याची ओटी त्यानंच काढा लागते. आता स्पीकर कसा काढन? आणि नवरदेवाच्या भावानं कालच ऐकलं. त्याच्या मित्राचं लग्न आहे. तो म्हनते, टण् पाहिजेच."

मी थोडा वेळ मागून घेतला आणि तुमच्याकडे आले. सांगा पटापट, नारळ काढायचा का ठेवायचा? आणि तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का, की एखाद्या मोठ्या कलाकाराचं सामान बघायला गेलात आणि पाहुणे म्हणून तेच तुम्हाला तळून वाढलं?